पोळाचं बी

साताऱ्याच्या माणसाला धक्क्यांचं फारसं कौतुक नसतं. कोयनेच्या अंगानं जमीन हलते, फळीवरची भांडी किणकिणतात, आणि पाटणकडचा माणूस हातातली कपबशी तशीच धरून "बसला वाटतं" असं म्हणून उरलेला चहा संपवतो. मी मेढ्याजवळच्या एका वाडीतला, त्यामुळे हे बाळकडू मलाही मिळालेलं. त्यात मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बी.एस्सी., रसायनशास्त्र घेऊन, आणि हे मी कुणी न विचारताही सांगतो, कारण त्या पदवीसाठी आमच्या घरातल्या म्हशींनीसुद्धा कळ सोसलेली आहे. सांगलीच्या एका हायस्कुलात मी शास्त्र शिकवायचो आणि जगातल्या कोणत्याही गोष्टीचं कारण फळ्यावर मांडता येतं असं मानून चालायचो. असा मी ज्या एका गृहस्थापुढे पुन्हापुन्हा आ वासून उभा राहिलो ते म्हणजे आमचे साडू. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना नव्वदीच्या त्या दहा वर्षांत जेवढे धक्के बसले त्यातले निम्मे कोयनेचे होते आणि निम्मे आमच्या साडूंचे. कोयनेच्या धक्क्यांची निदान वर्तमानपत्रात नोंद व्हायची.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे सांगलीजवळच्या ऊसपट्ट्यातले, शिक्षणानं गुरांचे डॉक्टर, पण दवाखान्यात बसून खुरांना मलम लावणारे नव्हेत. नव्वद सालच्या आगेमागे ते आफ्रिकेत, केनियात, एका मोठ्या संशोधन संस्थेत गेले. तिकडे एक माशी आहे. ती चावली की परदेशातून आणलेल्या धष्टपुष्ट गाई पटापटा मरतात, आणि तिथल्याच काही ठेंगण्या गावठी गाई आजारी पडतात, बरगड्या दिसेस्तोवर वाळतात, पण मरत नाहीत. त्यांच्या रक्तात असं काय आहे जे बापाकडून वासराकडे जातं, हे शोधणं आमच्या साडूंचं काम. वर्षातून एकदा ते रजेवर यायचे आणि औंधजवळच्या आमच्या सासुरवाडीला मुक्काम ठोकायचे. ते काम गावाला समजावून सांगायचा मी पहिल्यांदा प्रयत्न केला तेव्हा पारावरचा एकजण म्हणाला, "गाईचं रगात बघाय आफ्रिकेला कशापायी? हितल्या गाईंत काय ताक हाय व्हय?"

त्यांची आणि माझी पहिली भेट माझ्या लग्नाच्या बैठकीत झाली. मुलगी बघायला आम्ही गेलो होतो, पण बघितला गेलो मी. बाकीचे पाहुणे पगार विचारत होते, शेती विचारत होते. साडू उठून माझ्याजवळ आले, माझी बाही वर सरकवली आणि दंडाची कातडी चिमटीत धरून हलकेच ओढली. मला वाटलं, गाठ-बीठ दिसली काय यांना. त्यांनी कातडी सोडली, ती जागेवर कशी जाते ते बघितलं, आणि सासऱ्यांकडे वळून म्हणाले, "कातडी सैल आहे. ऊन सोसणारं जनावर आहे. चालेल." मग माझ्या वडिलांना विचारलं, "यांच्या आईच्या बाजूला कोण कोण कशानं गेलं?" माझी आई समोरच बसली होती. वडील, जे आयुष्यात कधी कुणाला भ्याले नाहीत, ते हळूच मला म्हणाले, "ह्यो पाव्हणा आपल्याला घेतोय का इकतोय रं?" लग्न ठरलं, पण माझी निवड पदवीमुळे झाली की कातडीमुळे हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आमचे सासरे फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. आम्ही जावई त्यांना मामा म्हणायचो आणि सासूबाईंना मामी. बोलणं मोजकं, बसणं ताठ, आणि जेवताना ताटाशिवाय कुठे बघायचं नाही. त्या मामांच्या पंगतीत साडूंनी एकदा जे केलं ते मी कधी विसरणार नाही. मे महिना होता. ताटात शाळूची भाकरी, चवळीची उसळ, भरलं वांगं, चिंचेची आमटी, शेंगदाण्याची चटणी, आणि बाजूला कलिंगडाच्या फोडी. साडूंनी भाकरी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि गहिवरून म्हणाले, "मामा, ही आफ्रिकेची."

मामा म्हणाले, "आपल्या इहिरीजवळच्या पट्टीतली हाय."

"पट्टी तुमची. ज्वारी मूळची आफ्रिकेची. हजारो वर्षांपूर्वी तिकडून आली. बाजरीही. नाचणीही. ही चवळी तिकडचीच. चिंचही. आणि हे कलिंगड तर खासच तिकडचं."

मामांनी घास ताटात ठेवला. स्वयंपाकघरातला भाकरी थापण्याचा आवाजही थांबला. "शेंगा?" मामांनी विचारलं.

"त्या अमेरिकेच्या. मिरचीसुद्धा."

"मग आमचं काय हाय ह्या ताटात?"

साडूंनी ताटावरून प्रामाणिकपणे नजर फिरवली. "वांगं," ते म्हणाले. "वांगं नक्की आपलं."

"लढायांस्नी गेलो ते काय वांग्यापायी व्हय?" एवढंच म्हणून सुभेदारसाहेब उठले. पुढे कितीतरी दिवस ते साडूंशी कामापुरतंच बोलत. साडूंच्या ते लक्षातही आलं नाही. आपण कुणाला दुखवलं हे त्यांना कधी कळायचं नाही, कारण त्यांच्या मते ती आनंदाची बातमी होती. दोन देशांची माणसं एकच भाकरी खातात यापेक्षा गोड काय असेल, असं ते मला नंतर म्हणाले. एका वर्षी ते पावसाळ्यात आले, तेव्हा मामांच्या ज्वारीत टारफुला उगवला होता. ज्वारीच्या मुळांतून रस पिऊन अख्खं पीक वाळवणारं ते तण, मामा शिव्या घालत उपटत होते. हे आपले गुडघ्यावर बसून त्या तणाच्या फुलाला म्हणतात, "काय, ओळखलंत का? आपण तिकडे भेटलो होतो." मामांनी खुरपं खाली ठेवलं आणि घरी निघून गेले.

त्यांच्या सामानाचा तर मी धसकाच घेतला होता. माणसं परदेशातून येताना सेंट आणतात, चॉकलेट आणतात. हे रिकाम्या नळ्या आणायचे आणि जाताना भरून न्यायचे. एकदा विट्याहून साताऱ्याला आम्ही एस.टी.नं चाललो होतो. त्यांच्या मांडीवर फडकं बांधलेली एक काचेची बरणी. मी समजलो, मामींनी लोणचं दिलं असावं. एका खड्ड्यात गाडी अशी आदळली की फडकं सुटलं, बरणी कलंडली. साडू शांतपणे वाकून सीटखाली बघू लागले. कंडक्टर आला. "आवं पाव्हणं, काय सांडलं?"

"काही नाही, गोचीड आहेत. घाबरू नका. आठ पाय असले तरी फार हळू चालतात."

त्या एका वाक्यानं भरलेली एस.टी. जागच्या जागी उभी राहिली, म्हणजे गाडी चालूच होती, माणसं उभी राहिली. एक आजीबाई तर सीटवर चढल्या. साडू मात्र हात वर करून सगळ्यांना विनवत होते, "चिरडू नका हो! चिरडू नका! खिल्लार गाईवरचे आहेत!" जणू खिल्लार गाईवरचे आहेत म्हटल्यावर लोक त्यांना मांडीवर घेणार होते. शेजारी मी, बी.एस्सी. झालेला माणूस, खिडकीबाहेर बघत हा गृहस्थ आपला कुणी नव्हे असा चेहरा करून बसलो. तेवढ्यात त्यांनी हाक मारली, "मास्तर, तुमच्या कॉलरवर एक आहे. हलू नका, मादी आहे."

पण हे सगळे किरकोळ हादरे. खरा धक्का बसला तो देवीच्या पोळाच्या पायी.

पोळ म्हणजे देवाच्या नावानं सोडलेला वळू. त्याला मालक नसतो. त्याला कुणी दावं लावायचं नाही, औताला जुंपायचं नाही, खच्ची करायचं नाही. ज्याच्या रानात शिरेल त्यानं हात जोडायचे आणि समजायचं, देवी जेवली. औंधची यमाई ही त्या सगळ्या मुलखाची देवी. आमच्या सासुरवाडीच्या गावात तिचं एक लहानसं ठाणं होतं आणि त्या ठाण्याचा एक पोळ होता. अस्सल खिल्लार, पांढराशुभ्र, धनुष्यासारखी मागं गेलेली शिंगं, पण आता म्हातारा झालेला. गावात तोवर ऊस आला होता, जर्सी वळूच्या गोठवलेल्या बीजाच्या कांड्या आल्या होत्या. गाय माजावर आली की बोलवा कांडीवाल्याला, मग बदामी वासरू आणि बादलीभर दूध. पोळाकडे गाय न्यायची कुणाला गरज उरली नव्हती. उसात शिरला की हात जोडण्याऐवजी दगड भिरकावले जायचे. "देवीचा असंल तर देवळात बसावं," असं तरणी पोरं उघड म्हणायची. आणि आजूबाजूच्या गावांतले सगळे खोंड खच्ची झालेले. त्या जातिवंत रक्ताचा तेवढा एकच वळू उरलेला.

त्या वर्षी साडू हिवाळ्यात रजा घेऊन आले होते, पण आमच्या माणदेशाच्या बाजूला दुपारच्या उन्हाला हिवाळा माहीत नसतो. भर दुपारी गावातल्या जर्सी गाई जीभ बाहेर काढून धापा टाकत होत्या, आणि पोळ पाराजवळ उन्हात उभा राहून संथपणे रवंथ करत होता. आमचे साडू छत्री उघडून त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले, एक डोळा घड्याळावर, एक त्याच्या कुशीवर. कूस किती वेळा हलते, श्वास किती येतो, ते बघत. छत्री त्यांनी आपल्यावर नाही, पोळावर नाही, घड्याळावर धरली होती. गाव गोळा झालं. मामींनी एका पोरीच्या हाती ताक पाठवलं आणि निरोप दिला, जावयाला म्हणावं सावलीत या. जावई म्हणाले, "मी सावलीत आलो तर हा काय म्हणेल?"

त्या संध्याकाळी पारावर बसून त्यांनी मला जे सांगितलं ते मात्र थट्टेचं नव्हतं. आफ्रिकेत एका टेकडीवरच्या गावात ठेंगण्या गाईंची एक जात होती. त्या रोगाला भीक न घालणारी. यांनी कागद हलवले, परवानग्या मिळवल्या, गाडी मिळवली आणि तिथं पोचले. गावकऱ्यांनी मोठ्या आनंदानं स्वागत केलं आणि सांगितलं, त्या गाई गेल्या, आता आम्ही चांगल्या आणल्यात. त्या जुन्यांतली एकच उरली होती, म्हातारी, भाकड. "मी तिचं रक्त काढलं," साडू म्हणाले, "आणि नळी हातात धरून झाडाखाली बसून राहिलो. रक्त म्हणजे फोटो असतो, मास्तर. फोटोतून माणूस परत येत नाही. बी पाहिजे. या पोळाचा मागचा डावा पाय लंगडतो, बघितलात? पुढचा पावसाळा हा काढणार नाही. मी आयुष्यभर उशिरा पोचणारा माणूस आहे. इथं, बायकोच्या माहेरी तरी, उशीर नको."

मामांची खिल्लार गाय दोन दिवसांत माजावर येणार होती. पोळाच्या अंगात अजून थोडा दम होता. पोळाचं बी नळीत धरायचं, थोडं ताजंच मामांच्या गाईला द्यायचं, बाकीचं गोठवून कांड्या करून ठेवायच्या, असा त्यांचा बेत. पोळ गेला तरी मागं बी राहील. मी म्हणालो, सरळ गायच दाखवा की त्याला. ते म्हणाले, "म्हाताऱ्याची ताकद एकदाच. एका वासरावर ती संपवायची का?"

पण पोळ देवीचा. कुणाला विचारायचं? मामांनी दोनच शब्द खर्चले. "देवीला इचारा." मला वाटलं, साडू आता विज्ञानावर भाषण देतील. पण ते खुलले. "हे उत्तम! तिकडे परवानगीला वर्षं जातात, आणि समितीतल्या कुणी जनावर पाहिलेलंही नसतं. इथं निदान मालकीणच निकाल देणार."

आमच्याकडे कौल लावतात तो असा. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवं आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. साडूंनी गुरवाला आदल्या दिवशी बाजूला नेऊन नीट समजावलं होतं. गुरव म्हातारा, समजूतदार. त्यानं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यापुढे गाव जमलं, बायाही होत्या. साडूंनी तोवर गावातल्या बऱ्याच गाईबैलांचं रक्त तपासायला घेतलं होतं, त्याची आता कुणाला नवलाई नव्हती. गुरवानं फुलं लावली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "आई, गावच्या जनावरांचं डागदरांनी घेतलं. आता म्हणत्यात, पोळाचं बी घ्यावं. घेऊ दे का?"

उजवं फूल टपकन पडलं. गाव म्हणालं, "घेऊ दे, घेऊ दे." नारळ फुटला. साडूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी पोळाचं रक्त काढतात ते बघायला मामांच्या गोठ्यापुढे जत्रा भरली. पोरं गंजीवर, बाया ओसरीवर. साडू सकाळपासून लगबगीत. आधी त्यांनी घरात अंडी मागितली. मंगळवार, देवीचा वार, आणि जावई अंड्यातला पिवळा बलक वेगळा करून मागतो! बी पातळ करायला तो लागतो असं त्यांनी ओसरीवरून आत ओरडून सांगितलं. सुदैवानं त्या गलक्यात ते कुणाला नीट ऐकू गेलं नाही. मग गरम पाणी मागितलं. मग पेटीतून एक जाडजूड रबरी नळकांडं काढलं, त्यात गरम पाणी भरलं, तळहातानं त्याची ऊब बघितली आणि मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही गाईचं तोंड धरा." मामांची गाय पुढे उभी केली. गुळाचा खडा दाखवत पोळाला आणलं. साडू नळकांडं घेऊन पोळाच्या कुशीशी दबा धरून बसले. पुढचं मी लिहीत नाही. शास्त्राच्या पुस्तकात ते आहे, आणि तो धडा मी मुलांना नेहमी घरी वाचायला सांगत असे.

सगळ्यांत आधी ओसरीवरच्या बायांना उमगलं. एकदम पदर तोंडाला गेले आणि ओसरी रिकामी झाली. मग पुरुषांत आरडाओरडा. गावातले सगळ्यांत वडीलधारे आबा, ते काठी आपटत पुढे आले. "आवं डागदर! ह्ये काय चालवलंय? रगात तिकडनं काढत्यात व्हय?"

"रक्त नाही आबा. बी."

"बी? देवाच्या पोळाचं? रबरात?"

काम अर्धवटच राहिलं, नळकांडं रिकामं, आणि गाईचं तोंड धरून मी तसाच उभा. कानांतून वाफ निघते म्हणतात ती काय असते ते मला त्या दिवशी कळलं. माझे विद्यार्थी, माझे सहकारी, मेढ्याचे माझे वडील, सगळे डोळ्यांपुढून गेले. गावानं गाय जागेवर ठेवली, पोळाला गूळ घातला, आणि आम्हा सगळ्यांना देवळापुढे नेलं. साडू वाटेत घड्याळ बघत होते. गाईचा माज संध्याकाळी उतरणार होता, आणि कुणीतरी मागून म्हणतच होतं, आत्ताच्या आत्ता हाकला त्या पोळाला डोंगराकडं, म्हंजे झंजट मिटली.

"गुरवा," आबा गरजले, "तू परवा आईला काय इचारलंस?"

"काल इचारलं. पोळाचं बी घ्यावं का, आसं."

"म्हंजे पोळाचं पण. रगात."

"पण न्हवं. बी. पेरायचं बी."

"आरं, मग फोडून बोलायला काय झालं हुतं तुला?"

"चारचौघी म्होरं बसल्या हुत्या. त्यात माझी सून. कसं फोडू?"

"आमी सगळ्यांनी 'पण' ऐकलं."

"तुमी काय ऐकलं त्ये कौलात धरत न्हाईत."

गलका उठला. कुणीतरी म्हणालं, पुन्हा कौल लावा. गुरव म्हणाला, एकदा दिल्याला निकाल पुन्हा इचारणं म्हंजे आईला खोटं पाडणं, म्या न्हाई लावायचा. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. "मास्तर, तुमी शिकल्यालं हायसा. बी म्हंजे काय, सांगा." मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "व्याकरणाच्या दृष्टीनं बघितलं तर दोन्ही अर्थ..." "बसा खाली," आबा म्हणाले. मग त्यांनी साडूंना विचारलं, "तुमीच सांगा डागदर, तुमाला नक्की काय पायजे?"

साडू खोटं बोलू शकत नसत. त्यांनी गावच्या बोलीत सांगायचा मनापासून प्रयत्न केला. "मला रक्त बी पाहिजे, आन् बी बी पाहिजे."

"आता ह्ये बी बी काय आनि?" आबांनी कपाळाला हात लावला. काही जण हसले, पण बाकीचे जास्तच भडकले. एकजण पोळाला हाकलायला काठी घेऊन निघालाच.

आणि तेव्हा मामा उभे राहिले. ज्यांच्या भाकरीला या जावयानं परकं ठरवलं होतं ते मामा. मला वाटलं, आता संपलं. मामांनी टोपी सरळ केली आणि आबांना विचारलं, "देवीला आपली बोली येतीया का न्हाई?"

"येती की. न येऊन?"

"मग गुरवाच्या मनात काय हुतं त्ये तिला ठावं हुतं. आपण चुकीचं ऐकलं आसंल. तिनं न्हाई ऐकलं. तिनं उजवं दिलं." मग त्या काठीवाल्याकडे बघून, "ज्याला पटत न्हाई त्यानं आत जाऊन तिला सांगावं, की आई, तुला मराठी समजत न्हाई."

कोणी आत गेलं नाही. काठीवाल्यानं काठी हळूच मागं लपवली. साडू मामांकडे बघत राहिले, आणि मला वाटतं, भाकरीचं काहीतरी त्यांना त्या क्षणी उमगलं असावं. कारण ते एकदम वाकून मामांच्या पाया पडले. मामा म्हणाले, "आवरा आता. गाय उभी हाय."

म्हाताऱ्या पोळानं त्या दुपारी आपली, देवीची आणि साडूंची लाज राखली. काम झाल्यावर साडूंनी मायक्रोस्कोप मामांच्या अंगणातल्या रांजणावर ठेवला, आरशानं उजेड धरला आणि पहिल्यांदा गुरवाला बोलावलं. गुरवानं एक डोळा मिटून वाकून बघितलं. मग म्हणाला, "हलतंय की वं सगळं," आणि दोन्ही हात जोडले. मग आबा आले. मग रांग लागली. माझ्या बी.एस्सी.च्या तीन वर्षांत मी मायक्रोस्कोपखाली पुष्कळ काही पाहिलं होतं, पण त्याला नमस्कार करणारी माणसं पहिल्यांदाच बघत होतो, आणि माझेही हात कसे कोण जाणे, जोडले गेले होते.

साडू आफ्रिकेला परत गेले. ते म्हणाले होते तसंच झालं. पावसाळा तोंडावर असताना पोळ एका सकाळी देवळामागं बसला तो उठलाच नाही. ज्यांनी त्याला दगड मारले होते त्यांनीच खड्डा खणला, आणि माती लोटताना त्यांतल्या एकाचा हात थांबलेला मी बघितला. सांगलीला परतल्यावर मी फोन करून साडूंना कळवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "गाय?" मी म्हणालो, गाभण आहे. त्यांनी फोन ठेवला.

दिवाळीनंतर मामांची गाय व्याली. कालवड झाली. गाव हिरमुसलं, वळू पाहिजे होता म्हणाले. फोनवर साडू असे ओरडले की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. "कालवड! अहो मास्तर, कालवडच पाहिजे होती! तिच्या पोटी चालेल ना पुढं!" मग आवाज उतरवून, "टाळूवर तांबूस आहे का?" खिल्लाराचं वासरू जन्मतं तेव्हा टाळूवर, शिंगं यायच्या दोन जागांच्या मधोमध, एक तांबूस ठसा असतो. जातिवंत असल्याची ती खूण, फार दिवस टिकत नाही, दोन-तीन महिन्यांत पांढरी होऊन जाते. मी म्हणालो, आहे. "मी येतो," ते म्हणाले, "तो जायच्या आत येतो."

पण तिकडचं काम सुटेना, रजा मिळेना, आणि ते आले ते मे महिन्यात. पिशवी ओट्यावर ठेवून सरळ गोठ्यात गेले. कालवड चांगली कमरेएवढी उंच झाली होती, अंगानं पांढरी, टाळूही पांढरी. ते तिच्याजवळ गेले, मानेखाली लोंबणाऱ्या कातडीच्या पोळीखाली हात घालून उभे राहिले. नळी काढली नाही, थर्मामीटर काढलं नाही, घड्याळ बघितलं नाही. मामांनी विचारलं, "काय मोजायचं न्हाई व्हय?" ते म्हणाले, "नाही मामा." आणि टाळूवरून बोट फिरवत राहिले, जसं काही रंग खाली असेल आणि घासल्यावर दिसेल. बाकीच्या कांड्या गोठवलेल्या आहेत, कुठेतरी थंडीत पडून आहेत, कोणी मागत नाही. वंश राहिला. पण तो ठसा त्यांना बघायचा होता, आणि त्याला त्यांना उशीर झाला होता.

मामी दाराशी आल्या. जावयांशी त्या कधी समोरून बोलायच्या नाहीत, डोक्यावरचा पदर पुढे ओढून दाराआडूनच काय ते सांगायच्या. त्या दिवशी उंबरा ओलांडून गोठ्यात आल्या. साडूंनी त्यांच्याकडे न बघताच विचारलं, "केवढा होता हो, मामी?"

मामी क्षणभर घुटमळल्या. मग त्यांनी हात वर केला आणि आमच्या एवढ्या शिकलेल्या, पांढरे व्हायला लागलेल्या साडूंच्या टाळूवर दोन बोटं टेकवली.

"एवढा," त्या म्हणाल्या. "हितं."